कपाळावरचं मेण

मालकानं मेणाच्या देवीचा उजवा हात मोडला आणि माझ्या कपाळावर थापला. चेन्नईचं गिऱ्हाईक खुर्चीवर बसून कॉफी पीत होतं. मालक म्हणाले, "शिंप्याची पोर. हिनं सुई धरावी, देव कसले घडवते." गिऱ्हाईक हसलं. मेण नाकावर घसरलं. मी पुसलंसुद्धा नाही.

स्वामीमलैला त्यांचा पंचधातूच्या मूर्तींचा कारखाना. आधी सगळी मूर्ती मेणाची करायची, मग तिला माती लिंपून, आतलं मेण वितळवून, त्या जागी धातू ओतायचा. मी कुंभकोणमहून बसनं जायची. बोटं करायचं काम माझं. देवीचा उजवा हात अभय देणारा, त्याची बोटं सरळ लागतात.

मालक, आम्ही त्यांना अय्या म्हणायचो, पाठीमागे येऊन उभे राहायचे. बोलायचे नाहीत, नुसता श्वास ऐकू यायचा. तेवढ्यानं माझे तळहात घामेजायचे, तापायचे. मेण मऊ पडायचं, बोटं वाकायची. वाकली की शिव्या. शिव्यांच्या भीतीनं पुढची बोटं वाकायची. मेण मधेमधे गार पाण्यात बुडवायचं असतं, तेही विसरायला लागले. येत असलेलं काम हातातून चाललं होतं. वाटायचं, खरंच आपल्या जातीच्या हातात नसेल हे.

त्या दिवशी घरी आले. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. अम्मा शिवत होती. तिला नीट दिसत नाही, तिनं सुई माझ्याकडे दिली. दोरा झटक्यात ओवला गेला. कारखान्यातल्या वाकड्या बोटांचं मी अम्माला सांगितलेलं होतं.

"घरी हात चुकत नाही गं तुझा. तिथेच कसा चुकतो?"

मी जेवले, झोपले. पण अम्माचं बोलणं डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी तोच हात परत करायला दिला. मालक मागे येऊन उभे. श्वास. मी मेण पाण्यात सोडलं, हात पुसले आणि वळून बसले.

"अय्या, मागे उभे राहू नका."

"कोणाशी बोलतेस?"

"तुमच्याशी. तुम्ही मागे आहात तोवर मी मेणाला हात लावणार नाही."

"मग चालती हो."

उठले नाही. उठले असते तर दोष माझ्या जातीचाच ठरला असता. ते उभे, मी बसलेली. गिऱ्हाईक संध्याकाळी हात बघायला यायचं होतं. शेवटी मालक बाहेर जाऊन बसले.

बोटं सरळ झाली. आनंद वगैरे काही झाला नाही. उद्या काढून टाकतील. टाकू देत, अम्माची सुई आहे. पण परत कोणी माझ्या कपाळावर मेण थापलं, तर मी ते पुसून गिऱ्हाइकासमोर त्याच्याच हातात ठेवीन.