आतल्या बाजूची चांदी

पद्मावतीनं आजवर दिसणाऱ्या वस्तूंवरच चांदीचा मुलामा चढवला होता. पैंजण, समया, देवघरातल्या मूर्ती. उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती आणि नवरा बापूसो, दोघंच राबायची. शहाण्णव साली बेंगळुरूहून सोमशेखर नावाचा इंजिनियर हातभर लांबीच्या चौकोनी पितळी नळ्या घेऊन आला. मुलामा फक्त आतून हवा, म्हणाला. पावण्याचं मराठी कच्चं असेल, असं तिला वाटलं.

"आत कोण बघणार हाय?" तिनं विचारलं.

सोमशेखर बेळगावकडचा. कानडी मिसळत त्यानं सगळं उलगडून सांगितलं. या नळ्यांतून मायक्रोवेव्ह जातात, टेलिफोनच्या टॉवरवर असतात तशा लहरी. आत तार नाही, नुसती हवा. लहर एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत पुढं सरकते. धातूत ती मुरते केसाच्या शंभराव्या भागाइतकीच. म्हणून बाहेर काही का असेना, आतली कातडी चांगली हवी. आणि नळीची रुंदी लहरीच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली, तर लहर आत शिरतच नाही.

पद्मावतीच्या मनात हे कितीतरी दिवस तरंगत राहिलं. जोतिबाला जाताना एसटीच्या खिडकीतून टेकडीवरचा टॉवर दिसला, तेव्हा त्याच्या पोटात माणसांचं बोलणं भिंतींना धडकत चढत असेल, असं तिला वाटलं. ती मान वळवून बघत राहिली.

काम मात्र जमेना. चांदीच्या पाण्याच्या टाकीत बुडवून वीज सोडली की चांदी नळीच्या तोंडाशीच बसायची, मधला भाग पिवळा. मग तिनं मुलाम्यापुरती नळीच्या बरोबर मधून चांदीची तार ताणली, कुठं भिंतीला टेकणार नाही अशी, आणि तिच्यातून वीज सोडली. आतल्या चारी भिंतींवर चांदी सारखी बसली. बापूसो नळी उजेडाकडं धरून नुसता बघत राहिला.

तरी दहातल्या चार नळ्या परत आल्या. लहर वाटेत विरते, असं सोमशेखरनं कळवलं. पद्मावतीनं बांबूच्या काडीला मऊ चामडं गुंडाळून आत फिरवलं. मध्यावर ते अडकलं. कारखान्यात पितळ ओढून नळी करताना पडलेली रेघ चांदीखाली तशीच होती. त्यानंतर प्रत्येक नळी आधी आतून घासायची, मगच मुलामा. घासताना ती डोळे मिटून घ्यायची. बोटांना जास्त कळतं, म्हणायची.

पुढच्या खेपेला सोमशेखर मोजायचं यंत्र घेऊनच आला. तिच्या नळीतून लहर सोडली, पलीकडं थोडी मोकळी जागा ठेवून मापक ठेवला. काटा उजवीकडं गेला.

"आता हात मधे धरा, आक्का. लहर अगदी मंद हाय, काय होत न्हाय."

तिनं तळवा धरला. काटा खाली पडला. काढला, तसा वर आला. तळव्याला ना ऊब लागली, ना वारा. बापूसोनं चहा आणला, निवला, तरी ती हात धरत होती, काढत होती.

पुढं दोन हजार पाचपर्यंत त्या शेडमधून नळ्या जात राहिल्या. पैंजणांचं काम तिनं शेजारच्या शेडमधल्या दानम्माकडं सोपवलं.