हमिदाबीचं मडकं

उस्मानाबाद जिल्ह्यात, बेंबळीकडच्या एका लहान गावी, जनावरांच्या बाजाराच्या फाटकाशी हमिदाबी अकरा वर्षं बसली. नवरा निजामी अमलातच वारला होता. पुढ्यात निखाऱ्यांचं मडकं. विकायला आलेल्या जनावराच्या कानातले, शेपटीखालचे, कासेजवळचे गोचीड ती वेचायची आणि मडक्यात टाकायची. एका जनावरामागे कडब्याची एक पेंढी, एवढीच मजुरी. त्या पेंढ्यांवर तिची शेवरी गाय जगत होती आणि शेवरीच्या चार शेर दुधावर हमिदाबी.

हे काम विकणाऱ्याने स्वतः न करण्याला कारण होतं. विकायच्या दिवशी जनावराच्या अंगावरचा जीव आपल्या हाताने मारला तर सौदा फिसकटतो, अशी तिथल्या शेतकऱ्यांची समजूत. गिऱ्हाइकाला गोचीड दिसूनही चालायचं नाही. म्हणून मारणं हमिदाबीकडे. शेतकरी अंबादास तिला म्हणायचा, "चाची, आमचं पाप तुमच्या मडक्यात."

"पाप दे मला. पर पेंढी बी जरा जाड दे."

१९६१च्या मे महिन्यात एक बडे साहेब बाजार पाहायला येणार असं ठरलं. बाजार कमिटीचे सेक्रेटरी नारायणराव फाटकाशी आले.

"हमिदाबी, मडकं उचला. साहेबांनी आल्याआल्या गोचीडच बघायचे का?"

"गोचीड म्या आणले न्हायत, नारायणराव. ते बैलावर बसून येत्यात."

"दिसतात तुमच्यापुढं. इथं जाळ करायचा नाही, कमिटीचा ठराव झालाय."

"ठरावानं गोचीड मरत्यात व्हय?"

मागे कुणीतरी हसलं. नारायणराव हसले नाहीत.

"जाते म्या," हमिदाबी म्हणाली. "पर टम्म फुगलेला एक खाली पडला, का हजारांनी अंडी घालतो. तेवढं ध्यानात ठेवा."

साहेब आले, चहा घेऊन गेले. त्यांनी एकाही जनावराचा कान उलटून पाहिला नाही. मडक्यावरची बंदी मात्र राहिली. शेतकरी आता गोचीड स्वतः वेचू लागले आणि मारायचे नाहीत म्हणून जिवंतच कुंपणाकडे फेकू लागले. पावसाळ्यात तिथं गुडघाभर गवत झालं. बाजार नसलेले आठवड्याचे सहा दिवस गावची जनावरं तिथं चरत. पेंढ्या बंद झाल्याने शेवरीलाही तिथंच सोडावं लागलं.

श्रावणात शेवरीला ताप भरला. दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. हमिदाबी सहा मैल चालत जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या माणसाने टेबलावरून मान वर न करता सांगितलं, ह्या तापावरचं निळं इंजेक्शन संपलं आहे, पुढच्या महिन्यात या. गोचिडाच्या तापात जनावर पुढच्या महिन्यापर्यंत थांबत नाही, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. ते ठाऊक असण्याचाच पगार त्याला मिळत होता.

शेवरी पाच महिन्यांची गाभण होती. गाभ पडला. गाय वाचली, पण दूध चार शेरांवरून अर्ध्या शेरावर आलं.

त्या महिन्यात गावातली नऊ जनावरं मेली. त्यात नारायणरावांच्या जोडीतला एक बैल होता. कमिटीने वहीत कारण लिहिलं : पावसाळी हवा. हवा अकरा वर्षं तीच होती. यंदा नव्हतं ते मडकं. ते हलवण्याचा ठराव त्याच वहीत, चार पानं आधी, त्याच सह्यांनिशी आहे. चार पानं उलटण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

पोळ्यानंतरच्या बाजारी हमिदाबी मडकं घेऊन फाटकाशी येऊन बसली. कुणाला विचारलं नाही. शिपायाने नारायणरावांकडे पाहिलं. नारायणराव पलीकडच्या चिंचेखाली उभे राहून दुसरीकडे पाहत होते. अंबादास आपली गाय घेऊन सगळ्यांच्या आधी तिच्यापुढे उभा राहिला. त्याच्यामागे रांग लागली. रांगेत तिसरा नारायणरावांचा गडी होता. जोड मोडल्यामुळे उरलेला बैल विकायला आणला होता.

हमिदाबीने बैलाचा कान उलटला आणि हात थांबवला.

"ह्याची पेंढी?"

"मालकांनी दिली न्हाय."

"मग मालकांना म्हणावं, दोन द्या. एक ह्याची. एक शेवरीची."

गडी चिंचेकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या काखेत दोन पेंढ्या होत्या. हमिदाबीने त्या मागे ठेवल्या आणि पहिला गोचीड मडक्यात टाकला. ठराव आजतागायत रद्द झालेला नाही.