जुन्या बँकेतलं मुलींचं वसतिगृह

लातूर जिल्हा झाला आणि गाव अंगात मावेना. कचेऱ्या आल्या, साहेब आले, आणि आमच्या बाजाररस्त्यावरची बँक उठून नव्या मोठ्या इमारतीत गेली. तिची जुनी जागा रिकामी झाली. त्या जागेवर माझा आधीपासूनच डोळा होता.

मी शाळेत असताना ती बँक बांधली. दगडमातीच्या घरांत ही एकटी सिमेंटची. कमान नाही, नक्षी नाही. सपाट छत, भाकरीसारखा पातळ छज्जा, पश्चिमेला सिमेंटची जाळी आणि रस्त्याच्या बाजूला खालपासून वरपर्यंत काच. आतली मोझॅकची फरशी इतकी लख्ख, की खेड्यातली माणसं पायरीवर चपला काढून आत जायची. शिपाई 'असू द्या, असू द्या' म्हणून थकला, पण चपलांची रांग काही हटली नाही. एवढा उजेड आत घेणारी दुसरी इमारत आमच्या गावात नव्हती. मला ती लई आवडायची.

त्यात दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, माणसं कामासाठी गाव सोडून निघाली, आणि दहावी झालेल्या मुलींचं शिक्षण सगळ्यात आधी बंद पडलं. मी हायस्कूलात मास्तरीण. डोक्यात घेतलं, की या बँकेत मुलींचं वसतिगृह काढायचं. इमारतीचा मालक भुसाराचा व्यापारी. तो म्हणाला, जून संपेपर्यंत मुली आल्या तर जागा तुमची, नाहीतर परमिटरूमवाला कधीचा दारात उभा आहे. मी म्हटलं, त्याला बसायला सांगा, उभं राहून पाय दुखतील.

कामाला लागले. कॅशियरच्या काउंटरचं अभ्यासाचं टेबल केलं, मॅनेजरच्या केबिनमध्ये चूल मांडली, टँकरच्या पाण्यासाठी पिंपं मिळवली. काचेला खांद्याइतके उंच पडदे लावले. राहिली स्ट्राँगरूम. बँकेनं तिजोरी नेली, पण त्या खोलीचं लोखंडी दार काढायचं तर भिंत फोडावी लागली असती, म्हणून ते तसंच राहिलं. बाहेरून चाक फिरवलं की बंद, आणि मागच्या भिंतीत वर वीतभर झरोका.

जूनच्या शेवटच्या दिवशी बरेच बाप आपापल्या मुलींना घेऊन आले. काच बघून सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. रस्त्यावरून पोरी दिसतील म्हणे. पडदे दाखवले तरी समाधान होईना. मग निलंग्याकडचा एक शेतकरी स्ट्राँगरूमपाशी गेला, दारावर थाप मारली आणि त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, रात्री पोरींना इथं झोपवायचं आणि बाई, तुम्ही बाहेरून चाक फिरवायचं, म्हणजे आम्ही गावी बिनघोर. बाकीचे लगेच माना डोलवायला लागले.

माझं टाळकंच सरकलं. मी म्हटलं, "पोरी हायेत त्या, सोन्याचे डाग न्हाईत."

तो शांतपणे म्हणाला, "बाई, आमचं सोनं जिथं सुखरूप ऱ्हायलं, तिथं पोरगी का न्हाई ऱ्हायची?"

मी ठाम नाही म्हटलं. त्यानंही मुलीची ट्रंक उचलली. मुलगी नुसती फरशीकडं बघत राहिली. परत गेली तर घरच्यांबरोबर ऊसतोडीला जाणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही. तो गेला की बाकीचेही जाणार, हेही दिसत होतं. तरीही कुलपाला हो म्हणायचं नव्हतं म्हणजे नव्हतं.

एवढा वेळ त्याची बायको पायरीवर बसून होती. ती उठली, सरळ स्ट्राँगरूममध्ये गेली आणि मला म्हणाली, "बाई, दार लावा."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा नव्हती. मी दार लोटलं, चाक फिरवलं. नवरा आधी हसला. मग हसायचा थांबला. आतून आवाजच येईना. दाराजवळ जाऊन त्यानं 'आगं ए' म्हणून हाक दिली, कान लावला. काही नाही. मला म्हणाला, उघडा की बाई. मी म्हटलं, तिनं लावायला सांगितलंय, उघडायला नाही. शेवटी त्यानं ट्रंक खाली ठेवून स्वतःच चाक फिरवलं.

ती बाहेर आली. घामानं निथळत होती. पदरानं तोंड पुसलं आणि नवऱ्याला विचारलं, "मी आतून हाका मारत व्हते. आल्या का तुमाला ऐकू?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"उद्या हिनं मारल्या तर?"

त्यानं ट्रंक पुन्हा उचलली. मला वाटलं, चालला. तो काचेपर्यंत गेला, ट्रंक तिथं भिंतीला लावून ठेवली आणि खाली बसून मुलीची वळकटी सोडायला लागला.