शुभदाकाकूंच्या वेबसाइटचं नाव

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तिने विचारलं असतं, "पण का?" — आणि त्या 'का'चं उत्तर इतकं फुटकळ आहे की ते तोंडातून काढायची लाज वाटते.

माणिकपूरला माझं छोटंसं ऑफिस आहे. मी वेबसाइटची नावं विकतो. माल मोठ्या कंपनीचा, मी मधला. तुम्ही धंदा काढलात की इंटरनेटवरचा तुमचा पत्ता मी घेऊन देतो आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण करतो. गिऱ्हाइकाने पैसे थकवले की साइट दोन दिवस बंद ठेवायची. नाक दाबलं की तोंड उघडतं. यात मला कधी काही वावगं वाटलं नाही, आजही फारसं वाटत नाही. पण आणखी एक खोड होती. नाव गिऱ्हाइकाचं, नोंदणी मात्र माझ्या ईमेलवर. "तुमच्या डोक्याला कशाला ताप?" असं म्हणायचो. खरं कारण? गिऱ्हाईक पळू नये.

शुभदाकाकू आगाशीच्या. घरच्या वाडीतली केळी उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करून विकतात. वेबसाइटची कल्पना त्यांच्या सुनेची, केतकीची. ती साताऱ्याकडची, नोकरी करणारी. नवरा-बायको चंदनसारला फ्लॅटवर राहतात. सासूची वाडी, सासूची माणसं, सासूचीच रीत — त्यात या मुलीला स्वतःची म्हणावी अशी जागा मिळाली ती या वेबसाइटमुळे. काकू सुकेळी बांधायच्या, केतकी ऑर्डरी बघायची. काकूंच्या बोलण्यात 'आमची केतकी' यायला लागलं होतं. आणि पैसे? ते तर काकू न मागता आधीच भरायच्या.

एकदा केतकीचा ईमेल आला. नाव आता आमच्या खात्यावर घ्यायचं आहे, त्यासाठीचा कोड द्या. भाषा नम्र, मागणं हक्काचं. मला एक बटण दाबायचं होतं, बस्स. पण झोंबलं मला ते. साइट मी उभी केली, फोटोसुद्धा मीच काढले, आणि आता गरज सरो, वैद्य मरो? मी कळवलं, कंपनीकडून कोड यायला वेळ लागतो. ती शुद्ध थाप होती. त्याच बैठकीत मी साइटच्या नावाचं नूतनीकरण बंद करून टाकलं. त्या वर्षाचे पैसे काकूंनी भरलेले होते, तरीही.

माझं गणित असं — मुदत संपेल, साइट बंद पडेल, काकू घाबरून फोन करतील, मी पाच मिनिटांत चालू करून देईन. म्हणजे सुनेला कळेल, कोणावाचून कोणाचं अडतं ते.

काकूंचा फोन आलाच नाही. केतकीचे ईमेल आले, एकामागून एक. मी उत्तर दिलं नाही. मला फोन काकूंचा हवा होता ना! मुदत संपल्यावरही काही दिवस नाव परत घेता येतं. मी ते दिवस जाऊ दिले. पुढे दंड भरून घेता येतं, तेही केलं नाही. शेवटी नाव सुटलं आणि परक्या कोणीतरी उचललं. काकूंच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसायला लागल्या.

तेव्हा काकू ऑफिसात आल्या. पाकिटांवर सगळीकडे तोच पत्ता छापलेला. बसल्या, पाणी प्यायल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगा. आमच्या केतकीनेच काही उलटसुलट केलं ना? घरात सगळे तिलाच बोलतायत."

खरं सांगा, म्हणाल्या होत्या. मी काय सांगितलं? "कोड मागितला ना काकू, त्यात होतो कधीकधी घोळ."

वर उदारपणे नवं नाव 'फुकट' दिलं. पैसे त्यांचेच होते. काकूंचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेल्या सुकेळीचा पुडा पाठवला, तो मी खाल्ला. नव्या पत्त्याची लेबलंही माझ्याकडूनच छापून घेतली त्यांनी.

केतकीने त्यानंतर धंद्यात हात घातला नाही. ऑर्डरी आता काकूच फोनवर घेतात, जमतील तेवढ्या. 'आमची केतकी' म्हणणंही थांबलं. आता म्हणतात, "सूनबाई असते तिकडे, तिच्या घरी."

मध्यंतरी रिक्षा स्टँडवर केतकी भेटली. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तिने विचारलं, "दादा, तेव्हा माझ्याकडून नेमकं काय चुकलं होतं? मला अजून कळलं नाही."

मी म्हणालो, "होतं असं. जाऊ दे आता."

"तुम्हालाही उगाच त्रास झाला माझ्यामुळे. सॉरी हं," असं म्हणून ती रिक्षात बसली.

तिचं काहीही चुकलं नव्हतं. नूतनीकरण मी बंद केलं होतं, मुद्दाम. आणि रिक्षा सुटेपर्यंत मी तिथेच उभा होतो, तेव्हाही बोललो नाही.