एकाच तोंडाचा स्पीकर

खोपोलीत कारखान्यातून निवृत्त झालेली एक बाई घरीच छोटे स्पीकर बनवते, असं कळलं म्हणून मी वडिलांना तिच्याकडे नेलं. त्यांना गाण्याचे शब्द कळेनासे झाले होते. मी मोठमोठे स्पीकर आणले, आवाज वाढवला, शेवटी त्यांनी ऐकणंच सोडलं. आम्ही त्यांच्याशी ओरडूनच बोलायचो.

तिनं व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर लावला आणि त्याच्या काचेच्या नळ्या तापेपर्यंत शेगडीवर धरावा तसा त्यांच्यावर तळहात धरून बसली. लाकडी खोक्यात वीतभर रुंदीचा एकच स्पीकर होता.

"एकच?" मी विचारलं.

"माणसाला तोंडं किती असतात?"

जुनं भावगीत सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला वडिलांचे ओठ शब्दांबरोबर हलू लागले. मग ते म्हणाले, "जरा बारीक कर गं."

तिनं बटण फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "त्यांना ऐकू येतंय, दादा. घरी तुमीपन हळू बोला."

मी गाणं अर्ध्यावरच बंद करायला लावून ते खोकं विकत घेतलं आणि मांडीवर घेऊन आम्ही रिक्षात बसलो. मी साध्या आवाजात विचारलं, "आवडलं का?"

"गाणं पुरं होऊ द्यायचंस की," वडील म्हणाले.