नवव्या लेव्हलवर संपलेला खेळ

लिहिणार नव्हते. पण परवा महाडच्या बाजारात भाजी घेताना दोघींनी लागोपाठ विचारलं, "बाई, तुमचा तो रविवारचा खेळ अर्धवटच राहिला म्हणे?" अर्धवट राहिलेला नाही... संपला. फरक आहे, म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. चार माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र असतं, आणि पात्राने जे करायचं ठरवलं ते जमलं की नाही हे फासे ठरवतात. संकटं पार केली की पात्र एक लेव्हल वर चढतं, अंगात नवी ताकद येते.

आमची गोष्ट सांगायचा संदेश, बँकेत क्लार्क. इम्रानचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, वैशाली पोलादपूरला नर्स आहे. तिघेही माझे शाळेतले विद्यार्थी, त्यामुळे रिटायर होऊनही मी 'बाई'च. माझं पात्र तलवारबाज होतं... हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं.

आमचा एक नियम होता. लेव्हल वाढवायची ती सगळे हजर असतील तेव्हाच. पंगतीत शेवटचं पान वाढून होईपर्यंत कुणी घास उचलत नाही, तसं. वैशालीची ड्यूटी, इम्रानचे रोजे, संदेशच्या घरची भातलावणी, मग गणपती... वर्षं गेली, आणि आम्ही आपले नवव्या लेव्हलवर.

नियमांच्या पुस्तकात वीस लेव्हल आहेत. विसावीला पोचलेलं पात्र मात्र मी अजून पाहिलेलं नाही. पुण्या-ठाण्याच्या खेळणाऱ्यांना ऑनलाईन विचारलं, तर कुणी सातवीला थांबलं होतं, कुणी दहावीला. पात्रं राक्षसाच्या हातून फारशी मरत नाहीत... कुणाचं लग्न ठरतं, कुणाला मूल होतं, कुणाची बदली होते.

आमच्यात संदेशची बदली झाली. थेट गोंदियाला.

गोष्टीत त्या वेळी डोंगरात एक राक्षस नदी अडवून बसला होता. खाली खोऱ्यात गाव. तो बांध फोडणार आणि गाव वाहून जाणार... त्याला मारायला निदान पंधरावी लेव्हल हवी. ती लढाई संदेशने केव्हाची रचून ठेवली होती.

शेवटच्या रविवारी तो म्हणाला, "बाई, आज सगळ्यांना एकदम पंधरावी देऊन टाकतो. शेवट तरी बघू या." चेहरा असा, जणू आम्हाला घाटात अर्ध्या वाटेवर उतरवून निघालाय.

इम्रान खूश. "घ्या बाई! तुम्ही कधी कुणाला वर ढकललं नाय, हा ढकलतोय."

मी नाही म्हटलं. परीक्षा न देता वरच्या वर्गात बसणं मला जमत नाही. शिवाय वैशाली आलेली नव्हती, आणि नियम तो नियम. एवढ्या वर्षांची संदेशची मेहनत शेवटाविना राहणार, हे मलाही दिसत होतं... मन खट्टू झालं.

वैशाली आली ती उन्हं कलल्यावर, युनिफॉर्मवरच. घाटात गाडी घसरली होती, जखमींना सोडून येणार कशी? "अगो, तुझी वाट बघून राक्षस म्हातारा झाला," इम्रान म्हणाला. पंधरावीचं ऐकून तिने हात जोडले. "माझी नववीच मला अजून धड येत नाय. पंधरावीचं वाचेपर्यंत हा गोंदियाला पोचेल."

"मग नववीवर मरा," संदेश वैतागून म्हणाला. "राक्षस बांध फोडतोय. काय करता?"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "पाणी यायला किती वेळ आहे? आधी धान्य वर न्या."

झालं... मग कुणी थांबेना. वैशालीने म्हातारी माणसं आणि बाळंतिणी पुढे काढल्या. इम्रानने गुरांची दावी कापली. फासे पडत होते, निम्मे आमच्या विरुद्ध, तरी माणसं चढत होती.

गावाचा पाटील तेवढा अडून बसला. संदेशच त्याचा आवाज काढत होता. "मी नाय येणार! माझ्या घरात पाणी येत नाय!"

"पाटील, मागच्या पुराला पण हेच बोललात," इम्रान ओरडला. "मग पत्र्यावर बसलेले कोण?" हसून हसून वैशालीच्या डोळ्यांत पाणी. माझ्या तलवारबाजाने पाटलाला खांद्यावर टाकलं आणि चढण धरली.

पाणी आलं तेव्हा खोऱ्यात कुणी नव्हतं. राक्षसावर एकही वार झाला नाही. तलवार म्यानातच राहिली.

महाडात पूर बघत वाढलेल्या माणसाला पाण्याशी लढायचं सुचतच नाही... तो सामान वर नेतो. हे संदेशही इथलाच असून लढाई रचताना विसरला होता. "सगळी लढाई फुकट गेली हो बाई," तो म्हणाला. पण म्हणताना मोकळा हसला, त्या दिवसात पहिल्यांदाच. "संपलं. नीट संपलं."

पंधरावीवर असतो तर राक्षस मारून घरी आलो असतो, आणि गावातला एकही माणूस ओळखीचा झाला नसता. नववी पुरे होती... मला वाटतं, बहुतेकांना पुरते.

निघताना दिलं-घेतलं ते असं. नियमांचं पुस्तक आणि फासे संदेशने वैशालीच्या हवाली केले. तिच्या क्वार्टर्समधल्या तिघी शिकायला तयार आहेत, पहिल्या लेव्हलपासून. इम्रानने न झालेल्या लढाईचे कागद मागून घेतले. मी संदेशला नाचणीचे पापड आणि कोकमाच्या आगळाची बाटली दिली. त्याने मला खोऱ्याचा नकाशा दिला. डोंगराच्या अंगावर नवं गाव पेन्सिलने काढलेलं आहे, नाव अजून घातलेलं नाही.