एका घोड्याचे इंजिन

शिरड शहापूरचे जमीनदार तातेराव हे कोणाला किती मान द्यावा, याविषयी अत्यंत काटेकोर होते. तेव्हा निजामाचे राज्य होते व मी तातेरावांकडे गडी होतो. तहसीलदारसाहेब दोन घोड्यांच्या बग्गीतून येत. त्या दिवशी तातेराव आपली एकुलती घोडी परसात बांधून पायी सामोरे जात. साहेबांपुढे घोड्यावर बसणे ही त्यांच्या मते बेअदबी होती.

एका वर्षी त्यांनी दुप्पट हळद लावली. मोट हाकणारा सटवाजी म्हणाला, "मालक, एका मोटंवर एवढी हळद भिजायची न्हाई." तेव्हा तातेरावांनी मोटेचे बैल विकले व हिंगोलीचे व्यापारी पुनमचंद यांच्याकडे तेलाचे इंजिन पाहिले.

"विहीर खोल आहे. पाच घोड्यांचं घ्या," पुनमचंद म्हणाले.

"साहेबांचे दोन अन् माझे पाच? बैलांत सांगा की शेटजी!"

पुनमचंदांनी शब्दाची उत्पत्ती सांगितली. ती खरी असल्याचे मी पुढे प्रौढवर्गाच्या पुस्तकात वाचले. विलायतेत पूर्वी घोडे चक्राला जुंपीत. इंजिन किती घोड्यांचे काम करील, हे विकणाऱ्याला गिऱ्हाइकास पटवावे लागे. म्हणून एका घोड्याच्या कामाचे माप ठरले व त्यास इंग्रजीत 'हॉर्सपॉवर' हे नाव पडले.

"इंजिनात घोडा नसतो, तातेराव."

"नसंना. पाटीवर तर लिवलेलं हाय!"

दोन घोड्यांचे घेतल्यास बरोबरी झाली असती. सबब त्यांनी एकाचे घेतले.

इंजिनाने धूर भरपूर दिला. पाण्याची धार मात्र करंगळीएवढी.

"घोडं म्हातारं दिसून राहिलं, मालक," सटवाजी म्हणाला.

पत्नी पार्वतीबाई संतापल्या. "हळद वाळून राहिली! पाटी खरवडा अन् मोठं आणा."

"सरकारला फसवू काय?"

पौषात साहेब आले, ते नव्या मोटारीतून. तातेरावांनी ड्रायव्हरला हळूच विचारले, "बग्गीचे घोडे?"

"बेच दिए कबके. ये मोटर तीस घोड़े की है."

तातेराव आनंदाने मळ्याकडे धावले. पार्वतीबाई वाळक्या वाफ्यात उभ्या होत्या.

"ऐकलं का? साहेबांचे तीस झाले! आता पाचाचं आणायला काई हरकत न्हाई."

"आणा की," पार्वतीबाई म्हणाल्या. "पण आता भिजवायचं काय?"